स्वर, संख्या आणि संगणक

चेन्नई शहरातील नुंगंबाक्कम हा भाग आज दुकानांचा, कचेऱ्यांचा आणि महाविद्यालयांचा म्हणून ओळखला जातो. त्याला लागूनच कोडंबाक्कम आहे. तमिळ चित्रपटसृष्टीला ज्याच्यावरून टोपणनाव मिळाले, तेच हे कोडंबाक्कम. नुंगंबाक्कमच्या कॉलेज रोडवर हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र असून त्याच्या आवारात ग्रॅनाइटचा एक जुना स्तंभ जपून ठेवलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ साली येथे जी वेधशाळा उभारली, तिची दुर्बीण एके काळी या स्तंभावर बसविलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील आगगाड्या ज्या ‘मद्रास वेळे’वर धावत, ती वेळ याच वेधशाळेची. मुंबईच्या प्रवाशाला त्या काळी घरचे घड्याळ आणि स्टेशनावरचे घड्याळ यांत सुमारे अर्ध्या तासाचा फरक ध्यानात ठेवूनच घराबाहेर पडावे लागे.

या जागेचे स्मरण आज एका वेगळ्याच कारणासाठी करावेसे वाटावे अशी परिस्थिती आहे. देशोदेशीच्या विद्यापीठांतून संगणकशास्त्राचे अभ्यासक आता गायक-वादक, चित्रकार, प्रसारमाध्यमांतील तंत्रज्ञ आणि व्यापारशास्त्राचे जाणकार यांच्याबरोबर एका मेजाशी बसू लागले आहेत. रागाची ओळख यंत्राला पटविता येईल काय, ध्वनिमुद्रणांच्या अफाट साठ्यातून रसिकाला हवे ते गाणे कसे काढून देता येईल, गेलेल्या गायकाचा आवाज पुन्हा घडविता येईल काय, आणि घडविता आला तरी तो घडवावा काय, असे प्रश्न त्या मेजावर येतात. या मेळाव्याचे पुष्कळांना नवल वाटते; काहींना भयही वाटते. वस्तुतः ध्वनी आणि संख्या यांची गाठ नुंगंबाक्कममध्ये दोनशे वर्षांपूर्वीच पडली होती, आणि तेव्हा जो धडा मिळाला तोच आजच्या संशोधकांनाही उपयोगी पडण्यासारखा आहे.

वेधशाळेचे प्रमुख जॉन गोल्डिंगहॅम यांनी १८२० आणि १८२१ या दोन वर्षांत आवाजाचा वेग मोजण्याचे काम हाती घेतले. सेंट जॉर्ज किल्ल्यावर आणि सेंट थॉमस माउंट या टेकडीवर लष्कराच्या तोफा ठरलेल्या वेळी डागल्या जात. वेधशाळेपासून किल्ला सुमारे सव्वाचार किलोमीटर, तर टेकडी सुमारे नऊ किलोमीटर. तोफेची ज्वाला दिसली की तो क्षण टिपायचा, धडाका कानी आला की तो क्षण टिपायचा, आणि मधला काळ वहीत लिहावयाचा, असा हा उद्योग. शेकडो वेळा तो केला गेला आणि १८२३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

एवढेच करून गोल्डिंगहॅम थांबले असते, तर एक सरासरी आकडा हाती आला असता आणि पुढे विसरलाही गेला असता. परंतु त्यांनी प्रत्येक नोंदीच्या शेजारी हवेची उष्णता, हवेचा दाब, दमटपणा आणि वाऱ्याची स्थिती लिहून ठेवली. महिन्यामहिन्याची कोष्टके मांडली तेव्हा असे दिसले की थंडीच्या दिवसांत आवाज सेकंदाला सुमारे अकराशे फूट जातो, तर जुलै-ऑगस्टमध्ये अकराशे साठ फुटांच्या आसपास. तोफ तीच, अंतर तेच, ऐकणारा कानही तोच. हवा बदलली आणि उत्तर बदलले. ध्वनीचे मोजमाप करू पाहणाऱ्याने तो कोणत्या हवेतून आला हे आधी विचारले पाहिजे, असा या प्रयोगाचा मथितार्थ आहे.

गणित करणारी माणसे त्या प्रदेशात तेव्हा परकीयांचीच होती असे मात्र नव्हे. या वेधशाळेचा कारभार काही काळ पाहिलेले जॉन वॉरन यांनी १८२५ साली मद्रास येथे ‘कालसंकलित’ नावाचा ग्रंथ छापला. पाँडिचेरीच्या एका तमिळ पंचांगकर्त्याने चंद्रग्रहणाचे गणित आपल्या डोळ्यांदेखत कसे केले, याचे वर्णन त्यात आहे. त्या गृहस्थाजवळ कागद नव्हता, पाटी नव्हती. जमिनीवर शिंपले मांडून तो संख्या लिही, हलवी आणि पुसून टाकी. लागणारी कोष्टके त्याला मुखोद्गत होती, कारण अंकांच्या जागी ठरावीक शब्द आणि अक्षरे योजून ती पाठांतरास सोपी केलेली होती. गणित आणि पठण, संख्या आणि अक्षर ही तेथे वेगळी नव्हती. ‘काँप्युटर’ हा शब्दही त्या काळी यंत्राचा नव्हे, तर माणसाचा वाचक होता. एव्हरेस्ट शिखराच्या उंचीच्या गणिताशी ज्यांचे नाव जोडले जाते ते राधानाथ शिकदार १८३१ साली सर्वेक्षण खात्यात याच हुद्द्यावर लागले होते.

मराठी मुलखाला तर या विषयात याहूनही जुना वारसा आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला, सिंघण राजाच्या काळी, शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. त्याचा ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ उत्तरेकडील हिंदुस्थानी आणि दक्षिणेकडील कर्नाटक अशा दोन्ही परंपरांना आज मान्य आहे. सात स्वर प्रत्येकी एकदाच घेऊन त्यांची मांडणी किती प्रकारांनी करता येईल, याचा हिशेब शार्ङ्गदेवाने केला आणि उत्तर दिले: ५०४०. तो तेवढ्यावर राहिला नाही. या पाच हजार चाळीसांपैकी अमुक क्रमांकाची मांडणी कोणती, आणि अमुक मांडणी हाती असता तिचा क्रमांक कोणता, हे साऱ्या मांडण्या लिहून न काढता शोधण्याची रीतही त्याने सांगितली. पहिल्या प्रश्नाला त्याने ‘नष्ट’ म्हटले आणि दुसऱ्याला ‘उद्दिष्ट’. दोहोंसाठी ‘खंडमेरू’ नावाचे कोष्टक योजले. आजचा संगणकशास्त्राचा विद्यार्थी जे पहिल्या-दुसऱ्या वर्षी शिकतो, ते दौलताबादच्या किल्ल्याच्या सावलीत सातशेहून अधिक वर्षांपूर्वी गाण्याच्या निमित्ताने लिहिले गेले होते.

परंतु शार्ङ्गदेवाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. या ५०४० मांडण्या म्हणजे राग नव्हेत. त्यामुळेच त्याच ग्रंथात त्याने रागांचा, गमकांचा, वाग्गेयकाराच्या गुणांचा आणि गायकाच्या दोषांचा विचार स्वतंत्र प्रकरणांतून केला. मोजणी कोठपर्यंत नेते आणि कोठून पुढे गुरूचे बोट धरावे लागते, याची सीमारेषा त्याच्यापुढे स्पष्ट होती. पुढे तंजावरला भोसले घराण्याचे राज्य झाले आणि तेथील तुळजा महाराजांनी अठराव्या शतकात ‘संगीतसारामृत’ लिहिले, तेव्हा देवगिरीचा हा विचार मराठी राजाच्याच लेखणीने पुन्हा तमिळ देशात पोहोचला.

विसाव्या शतकाच्या आरंभी हीच सीमारेषा एकदा कसोटीला लागली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. गायकांच्या गळ्यातून निघणारे स्वर तारेच्या लांबीवर मोजून त्यांची गुणोत्तरे ठरविण्याचा त्यांचा प्रयत्न होता, आणि त्यात किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे त्यांना साहाय्य होते. न्यायखात्यातील अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स या कामात सामील झाले आणि त्यांच्या प्रयत्नाने श्रुतींच्या पट्ट्या असलेली खास हार्मोनियम तयार झाली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा ती पुढे मांडण्यात आली. तिच्यावरून मोठा वाद झाला आणि सर्वांचे समाधान होऊ शकले नाही.

देवलांची निष्ठा आणि मेहनत वादातीत आहे. अडचण मोजण्यात नव्हती, मोजलेला स्वर पट्टीत कायमचा ठोकून बसविण्यात होती. दरबारीचा गंधार आंदोलित असतो. तो एका बिंदूवर उभा राहत नाही, आणि उभा केला की तो दरबारीचा राहत नाही. गायकाने क्षणभर घेतलेला स्वर मोजता येतो, पण त्याच्या आधी काय आले आणि नंतर काय येणार, या हवेशिवाय त्या आकड्याला रागात स्थान नाही. नुंगंबाक्कमच्या तोफांनी शिकविलेला धडा बडोद्याच्या मंडपात असा पुन्हा ऐकू आला.

याच्या उलट उदाहरण चंद्रशेखर वेंकट रामन यांचे आहे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेल्या रामन यांनी १९२० साली आणि पुढे १९३० नंतरच्या वर्षांत मृदंग आणि तबला यांच्या ध्वनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली तर निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून ढोलाचा आवाज दणदणीत असला तरी तो सुरात आहे असे आपण म्हणत नाही. मृदंगाच्या आणि तबल्याच्या मध्यभागी शाई चढविलेली असते. तिच्या वजनामुळे आणि पुडीच्या घडणीमुळे हे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सुरेल प्रमाणात येतात, हे रामन यांनी दाखविले. तंबोऱ्याच्या घोडीची गोलाई आणि जवारीचा दोरा यांच्यामुळे तारेचा नाद इतका भरदार का होतो, याचाही त्यांनी शोध घेतला. तबला मढविणाऱ्याला किंवा मिरजेच्या सतारमेकराला काय करावे हे रामन यांनी सांगितले नाही. ते जे पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते त्याचे कारण सांगितले. कारागिराच्या हाताला जे ठाऊक होते ते प्रमाण मानून त्यांनी प्रश्न विचारला, म्हणून उत्तर टिकले.

संगणकाचा प्रवेश या विषयात झाला तेव्हा त्याचा एक महत्त्वाचा अध्याय मराठी घरात लिहिला गेला. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६३ साली संगणक आला आणि तेथे या शास्त्राचे शिक्षण लवकर सुरू झाले. त्याच कानपुरात विष्णू दिगंबर पलुसकरांचे शिष्य शंकर श्रीपाद बोडस यांनी गायनाची परंपरा रुजविली होती. त्यांची कन्या वीणा सहस्रबुद्धे पुढे ग्वाल्हेर गायकीच्या नामवंत गायिका झाल्या, आणि त्यांचे पती हरी सहस्रबुद्धे हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक. एका खोलीत तंबोरा आणि दुसऱ्या खोलीत आज्ञावली, असा हा संसार होता. रागातील स्वरांची चाल संगणकाला कशी समजावून द्यावी यावर हरी सहस्रबुद्धे यांनी काम केले, आणि १९९२ साली एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी राग-संगीताच्या गणिती प्रतिमानावर निबंध सादर केला. कल्पना सोपी आहे. गायक आता या स्वरावर आहे. येथून रागाच्या नियमाने कोणत्या स्वरांवर जाता येईल आणि कोणत्यांवर जाता येणार नाही, एवढे प्रत्येक पायरीवर लिहावयाचे. सोंगट्यांच्या पटावर कोणते घर कोणत्या घराला जोडलेले आहे हे सांगावे, तसाच हा प्रकार.

कानपूरलाच २००३ साली ‘तानसेन’ नावाची आज्ञावली तयार झाली. तिच्यापुढे दोनच राग होते: यमनकल्याण आणि भूपाली. नुसत्या स्वरांच्या क्रमावरून तिने शंभरांतील सुमारे सत्त्याहत्तर वेळा राग बरोबर ओळखला. मग संशोधकांनी तिला त्या रागांची पकड सांगितली, म्हणजे ज्या चार-पाच स्वरांच्या वाक्यावरून शागीर्दाला राग कळतो ते वाक्य. आणि यशाचे प्रमाण सत्त्याऐंशीवर गेले. ही वाढ अधिक वेगवान यंत्राने आणली नव्हती, गुरूच्या मुखातील एका शब्दाने आणली होती.

यानंतरचे मोठे पाऊल २०११ साली पडले. बार्सिलोना येथील पोंपेउ फाब्रा विद्यापीठातील झेवियर सेरा यांच्या नेतृत्वाखाली युरोपीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने ‘कॉम्पम्युझिक’ नावाचा प्रकल्प सुरू झाला आणि २०१७पर्यंत चालला. संगीताची संगणकीय साधने तोवर प्रायः पाश्चात्त्य संगीत डोळ्यांपुढे ठेवून बनत आली होती. या प्रकल्पाने पाच निरनिराळ्या परंपरा घेतल्या: हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की मकाम, वायव्य आफ्रिकेतील अरब-अंदालुसी आणि चीनमधील पेकिंग ऑपेरा. प्रत्येक परंपरेचे प्रश्न त्या परंपरेच्या आतून विचारावयाचे, ही त्याची प्रतिज्ञा. चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील हेमा मूर्ती यांचा आणि मुंबईच्या संस्थेतील प्रीती राव यांचा असे दोन गट भारतातून त्यात सहभागी झाले.

पहिलीच अडचण षड्जाची निघाली. पाश्चात्त्य वाद्ये सेकंदाला ४४० कंपनांच्या एका ठरावीक स्वरावर मिळविली जातात. त्यामुळे यंत्राने कंपने मोजली की स्वराचे नाव हाती येते. आपल्याकडे एखाद्या गायिकेची पट्टी काळी चार, तर एखाद्या गवयाची काळी एक. कंपनांची तीच संख्या एकाच्या गाण्यात पंचम असेल, तर दुसऱ्याच्या गाण्यात मध्यम. तेव्हा यंत्राने प्रथम या गायकाचा ‘सा’ कोणता हे ठरविले पाहिजे. मैफलीला येऊन बसणारा श्रोता हे तंबोऱ्यावरून क्षणात ठरवितो. संशोधकांनीही तेच केले: पूर्वीच्या साधनांना जो तंबोरा मागचा गोंगाट वाटत असे, त्यालाच वाटाड्या मानले.

दुसरी अडचण गमकाची. कर्नाटक संगीतातील तोडी म्हणजे हिंदुस्थानी तोडी नव्हे. तिची स्वरपंक्ती आपल्या भैरवीशी जुळते. त्या तोडीतील गंधार ऋषभ आणि मध्यम यांच्यामध्ये झुलत राहतो. यंत्राच्या आलेखात त्याची एक उभी रेघ येत नाही, तर डोंगराच्या उतारासारखा पसरट आकार येतो, आणि अडाणी आज्ञावली तेथे तीन स्वर मोजते. डिसेंबरमधील संगीतोत्सवाला सभागृहात बसलेल्या चेन्नईच्या आजीबाई मात्र एकच गंधार ऐकतात. यांपैकी बरोबर कोण, हा प्रश्न कंपनांच्या मोजणीने सुटत नाही. आजीबाईंचे ऐकणे प्रमाण धरूनच आज्ञावली सुधारावी लागते.

तिसरी अडचण मराठी श्रोत्याच्या अधिक परिचयाची आहे. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. परंतु भूप गंधाराभोवती विसावतो आणि देशकार धैवताभोवती; एक रात्रीचा, दुसरा सकाळचा. मुंबईच्या गटाने अशाच सख्ख्या रागांच्या जोड्या अभ्यासाला घेतल्या: देशकार-भूपाली, पूरिया-मारवा, मुलतानी-तोडी. कोणत्या स्वरावर किती काळ थांबणे झाले याचे चित्र बारकाईने काढले, तर या जोड्या यंत्रालाही वेगळ्या करता येतात, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसून आले. बार्सिलोनाच्या गटाने २०१६ साली स्वरचालीचे चित्र काढण्याची अशीच एक रीत मांडली. तिने तीस हिंदुस्थानी रागांच्या संग्रहात शंभरांत सुमारे अठ्ठ्याण्णव, आणि चाळीस कर्नाटक रागांच्या संग्रहात सुमारे सत्त्याऐंशी ध्वनिमुद्रणांचा राग बरोबर ओळखला. दोन रागांपासून चाळीसांपर्यंतची ही मजल तेरा वर्षांत गाठली गेली. तिच्या प्रत्येक टप्प्यावर गाणाऱ्याने सांगितलेली काहीतरी गोष्ट आहे.

आता व्यापाराकडे वळले पाहिजे, कारण संशोधन प्रयोगशाळेत राहत नाही. गाणे आज तबकडीवर विकले जात नाही. मोबाइलवरून प्रवाहासारखे वाहत येते, आणि कोणाला कोणते गाणे पुढे करावे हे बव्हंशी आज्ञावली ठरविते. तिच्यापुढे जी यादी असते तिचे रकाने पाश्चात्त्य लोकप्रिय गाण्यांसाठी आखलेले: कलावंत, अल्बम, गीत. राग कोठे लिहावयाचा? ताल कोठे, घराणे कोठे, सारंगीची साथ कोणाची हे कोठे? उत्तरेतील भूपाचे दक्षिणेतील भावंड मोहनम्, हे नाते तर कोठेच नाही. अरुणा साईराम यांच्यासारख्या कर्नाटक गायिका मैफलीत मराठी अभंग गातात आणि तमिळ श्रोते त्याला डोलतात. असा अभंग ‘भक्तिसंगीत’ या एका खणात पडला की त्याची भाषाही हरवते आणि रागही. जे यादीत नाही ते शोधून सापडत नाही. जे सापडत नाही ते ऐकले जात नाही. आणि जे ऐकले जात नाही त्याला पैसा मिळत नाही. रकान्यांची आखणी ही कारकुनी बाब नसून कलावंताच्या उपजीविकेची बाब आहे.

याहून गंभीर प्रश्न आवाजाचा आहे. नुंगंबाक्कममधील कामदारनगरच्या ज्या रस्त्यावर एस. पी. बालसुब्रह्मण्यम राहत असत, त्या रस्त्याला त्यांचे नाव देण्याचा निर्णय तमिळनाडू सरकारने २०२४ साली जाहीर केला. २०२० साली ते निवर्तले. ‘एक दुजे के लिए’ आणि ‘मैंने प्यार किया’ या चित्रपटांमुळे महाराष्ट्राच्या घराघरांत त्यांचा आवाज ओळखीचा झाला होता. असा आवाज आज यंत्राला ऐकविला, तर ते यंत्र त्या गायकाने कधीही न गायलेले गीत त्याच्याच कंठाने गाऊ शकते. जी मोजणी आवाज ओळखण्यासाठी सुरू झाली, तीच आता आवाज घडविण्यापर्यंत आलेली आहे.

शेजारच्या कोडंबाक्कममध्ये ज्यांचा स्टुडिओ आहे त्या ए. आर. रहमान यांनी २०२४ सालच्या ‘लाल सलाम’ या चित्रपटातील एका गीतासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पुन्हा योजले. त्या गायकांच्या कुटुंबीयांची अनुमती घेतली आणि त्यांना मोबदला दिला, असे त्यांनी स्वतः जाहीर केले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यांत्रिक नक्कल करून विकण्यास मनाई करणारा अंतरिम आदेश दिला, आणि २०२५ साली आशा भोसले यांच्याही बाबतीत त्या न्यायालयाने असेच संरक्षण दिले. संमती आणि मोबदला या दोन अटी चेन्नईच्या संगीतकाराने आपण होऊन पाळल्या. मुंबईच्या न्यायालयाने आवाजावर ज्याचा त्याचा हक्क मानला. तथापि न्यायालयाची पायरी चढण्याचे बळ नामांकितांना असते. तमाशाच्या फडात गाणारी स्त्री, वारीत अभंग म्हणणारा वीणेकरी, दक्षिणेतील देवळात नादस्वरम वाजविणारा कलावंत, यांचे आवाज आणि सूर कोणी ध्वनिमुद्रित करून यंत्राच्या स्वाधीन केले तर त्यांना ते कळणारही नाही. येथे विद्यापीठांची जबाबदारी सुरू होते, कारण असे नमुने गोळा करणारे प्रथम संशोधकच असतात.

नुंगंबाक्कमचे वैशिष्ट्य हे की, या साऱ्या विद्या तेथे पायी जाता येईल इतक्या जवळ नांदतात. १९२५ साली स्थापन झालेल्या लोयोला महाविद्यालयात वाणिज्य, संख्याशास्त्र, संगणक आणि दृश्यसंप्रेषण हे विषय एकाच आवारात शिकविले जातात. एम. ओ. पी. वैष्णव महिला महाविद्यालयाने तर विद्यार्थिनींसाठी आणि परिसरातील लोकांसाठी स्वतःचे सामुदायिक नभोवाणी केंद्र चालविले. विषय शेजारी आले म्हणजे ते एकमेकांत मिसळलेच असे नाही. पण शेजार असल्याशिवाय ते मिसळतही नाहीत. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, कोल्हापूर या विद्यापीठांच्या गावी गायनशाळा आहेत, चित्रशाळा आहेत, संगणक विभागही आहेत. त्यांच्यामधले दार उघडावयाचे तर तीन गोष्टींचा आग्रह धरावा लागेल. संशोधनात जो गवई बोलावला जाईल त्याचे नाव निबंधावर संशोधक म्हणून यावे, नमुना म्हणून नव्हे. ज्याचा आवाज घेतला जाईल त्याला तो कशासाठी घेतला आणि पुढे कोणाकडे जाणार हे त्याच्या भाषेत सांगावे, आणि उत्पन्न झाले तर त्यात त्याचा वाटा असावा. तिसरी गोष्ट अशी की, संगणक शिकणाऱ्या मुलाने निदान एक राग गुरूसमोर बसून शिकावा, आणि गाणे शिकणाऱ्या मुलीने आपला स्वर आलेखावर कसा दिसतो ते पाहावे.

या कामात आकाशवाणीच्या एका जुन्या शिस्तीचा उपयोग होण्यासारखा आहे. गायनाचा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी निवेदक कलावंताचे नाव सांगतो, राग सांगतो, चिजेचे बोल आणि ताल सांगतो, तबल्यावर कोण आणि हार्मोनियमवर कोण तेही सांगतो. व्यापाराच्या याद्यांतून आज जे गळून जात आहे, ते नेमके हेच चार शब्द आहेत. गोल्डिंगहॅम यांनी प्रत्येक तोफेच्या नोंदीशेजारी हवेची स्थिती लिहिली म्हणून त्यांची कोष्टके अर्थपूर्ण ठरली. ध्वनिमुद्रणांचे जे साठे आज संगणकाच्या स्वाधीन होत आहेत, त्यांतील प्रत्येकाशेजारी ही माहिती लिहिणे हे पुढच्या दहा वर्षांचे काम आहे. ते कंटाळवाणे आहे आणि त्याला गौरवही फारसा मिळणार नाही. परंतु ज्या पिढीने ते गाणे ऐकले आणि ज्या साथीदारांनी ते वाजविले, त्यांतली पुष्कळ माणसे अजून आहेत आणि विचारले तर सांगू शकतात. त्यांच्याकडे जाऊन विचारण्याचे काम कोणतेही यंत्र करणार नाही.